‘येतो’ म्हटल्याबद्दल तक्रार

४ मार्च

आज माझी वर्दी उतरवली. निलंबित वगैरे केलं नाही, पगार चालू आहे, अब्रूही अजून शाबूत आहे. पण उद्यापासून साधा शर्ट-पँट घालून कामावर जायचं. नगरसभेनं नवीन खूळ काढलंय. घरातली भांडणं, भ्रमिष्ट माणूस, रस्ता चुकलेला म्हातारा, असे फोन आले की पोलिसांची गाडी पाठवायची नाही. एक नर्स आणि एक बिनवर्दीचा पोलीस, दोघांनीच जायचं, तेही स्कूटरवरून. सहा महिने करून बघणार. मग नगरसभा ठरवणार, पैसा यावर घालायचा की ठाण्याला दोन नवीन गाड्या घेऊन द्यायच्या. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं!

माझीच निवड का, तर गुडघा. साहेब म्हणाले, "हवालदार, तिकडे तुम्हाला पळावं लागणार नाही." सगळं ठाणं फिदीफिदी हसलं. मला ठाण्यात ‘भोंगा’ म्हणतात. मी ‘थांब’ म्हटलं की चोराबरोबर रस्त्यावरची चार सभ्य माणसंही थांबतात. आणि हे काम म्हणे हळू बोलायचं. भोग, दुसरं काय.

ही डायरी हिनं आणून दिली. म्हणाली, "कामावरचं घरात बोलत नाही, निदान लिहीत तरी जा." आता पोलिसानं घरी येऊन बोलायचं काय असतं? ‘जेवायला वाढ’ एवढं तर बोलतोच की.

६ मार्च

माझ्याबरोबरच्या नर्सबाईंना सगळे सिस्टर म्हणतात. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण नजर अशी की मी आपोआप ताठ उभा राहतो. आज पहिलंच घर. नवरा-बायको टीव्हीच्या रिमोटवरून एकमेकांच्या जिवावर उठले होते. मी सवयीनं दारावर थाप मारली. सिस्टर म्हणाल्या, "दार वाजवायचं असतं हवालदार, पाडायचं नसतं."

आत गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "काय रे, मस्ती आली का?" झालं. मिटत आलेलं भांडण पुन्हा पेटलं, आणि आता दोघंही माझ्या विरुद्ध. सिस्टरांनी मला जिन्यात उभं केलं. नंतर त्या म्हणाल्या, चला, निदान त्यांची एकी तर झाली.

एक गोष्ट लक्षात आली. वर्दी असली की माणसं खरं बोलत नाहीत आणि वर्दी नसली की ऐकत नाहीत. आता यातून वाट काढायची.

११ मार्च

फोन आला, घरात चोर शिरलाय, बाथरूममध्ये लपलाय. चोर म्हणजे गाडीच जायला हवी. पण फोन घेणारी मुलगी म्हणाली, या घरून असे फोन सारखे येतात, दर वेळी गाडी जाते आणि चोर कधीच सापडत नाही, तेव्हा आता तुम्हीच जा.

तिसरा मजला. एकटे राहतात, बायको वारलेली, जन्मभर बसवर कंडक्टर होते. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक आणि झाडलोट करून जाते, तेवढीच सोबत. दार उघडून म्हणाले, "चला, आत सरका, दारात उभं राहू नका." आम्हाला बाथरूमपाशी नेलं आणि कानात सांगितलं, "तो बघा. म्हाताराच आहे, पण डांबरट आहे. मी बघितलं की तोही बघतो."

समोर आरसा होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टरांनी माझ्या पायावर पाय दिला. नेमका दुखऱ्या. मग त्यांनी कंडक्टरना अगदी गंभीरपणे विचारलं, "काही नेतो का हो तो?"

"नाही. नेत काही नाही. नुसता उभा असतो. त्याला घर नसेल."

सिस्टरांनी एक मोठा टॉवेल घेतला आणि आरशावर टाकला. कंडक्टर बराच वेळ टॉवेलकडे बघत राहिले. "उतरला वाटतं," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तिकीट काढलं होतं का त्यानं?"

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "बिनतिकीट होता. दंड करून सोडलाय." तर हा माणूस इतका मनापासून हसला की मलाही हसू आलं. पाणी पाजलं आम्हाला. सोडायला दारापर्यंत आले. मी म्हटलं, "बरंय, येतो."

खाली तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. तेच इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, बरं झालं, आज भोंगा वाजवत गाडी आली नाही. (मी गप्प बसलो.) गाडी आली की लहान मुलं रडतात, पेशंट पळतात. सगळ्यांनी मिळून ठरवलंय, पुन्हा एकदा जरी पोलिसांची गाडी दारात उभी राहिली तर कंडक्टरांच्या मुलीला लेखी कळवायचं, की वडिलांना इथून न्या. "मी वाईट माणूस नाही हो," म्हणाले, "पण रोज रोज किती सहन करायचं?" दिसायला तरी वाईट नव्हते.

१२ मार्च

आज माझ्यावर तक्रार आली. इतक्या वर्षांच्या नोकरीत लाच नाही, मारहाण नाही, आणि तक्रार कशाबद्दल? ‘येतो’ म्हटल्याबद्दल!

कंडक्टरनी सकाळीच ठाण्याला फोन केला. "काल तुमचे एक पोलीस येतो म्हणून गेले, ते आलेच नाहीत. मी दार उघडं ठेवून बसलोय." आम्ही गेलो तर खरंच, दार सताड उघडं, उंबऱ्यात खुर्ची, खुर्चीत हे. झोप नाही, डोळे लाल. माझं नाव-गाव काही आठवत नव्हतं, पण कुणीतरी ‘येतो’ म्हणालंय, एवढं पक्कं धरून ठेवलं होतं.

मला आधी राग आला, मग कसंसंच झालं. निघताना ‘येतो’ कोण म्हणत नाही? दूधवाला म्हणतो, पोस्टमन म्हणतो, उसने पैसे बुडवून पळणाराही ‘येतो’च म्हणतो. त्याचा अर्थ ‘गेलो’ असा असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कळण्यासाठी जे लागतं तेच ज्याचं गेलंय, त्यानं काय करायचं?

हिला सांगितलं. मला वाटलं हसेल. ही म्हणाली, "बिचारे. दार उघडं ठेवायला नको होतं, खिडकीत बसलं तरी दिसतं माणूस येताना." आणि भाजी नीट करायला लागली. हिला कधी कशावर हसावं ते कळत नाही.

२३ मार्च

साहेबांनी बोलावलं. आमच्या पथकाचे परत परत येणारे फोन कमी व्हायचे सोडून वाढलेत. एकटे कंडक्टरच नाहीत, आणखीही चार घरांतून फोन: ‘ते परवा आलेले, ते आज येणार होते.’ साहेब म्हणाले, "हवालदार, नगरसभेत हेच विचारणार. एकदा जाऊन जे मिटत नाही त्याला काम म्हणायचं का?" साहेब वाईट नाहीत. आपल्या गाड्यांची हालत मला माहीत आहे. परवा पोरांनी गाडीला धक्का मारला, ती सुरू होईपर्यंत चोर चालत चालत घरी पोहोचला असेल.

म्हणून ठरवलं, ‘येतो’ म्हणायचंच नाही. ठरवलं खरं, पण जिभेला सांगणार कोण? ‘निघतो’ म्हणून बघितलं. त्यात असं वाटतं की आपलं काहीतरी बिनसलंय. नुसतं ‘चला’ म्हटलं, तर कंडक्टर लगेच चपला घालायला लागले. सिस्टर हसून हसून जिन्यात बसल्या.

शेवटी आज छाती करून म्हटलं, "जातो."

कंडक्टरांचा चेहराच उतरला. माझा हात धरला. "असं म्हणू नये," म्हणाले, "घरातून निघताना जातो म्हणू नये. येतो म्हणावं." लेकीला सांगावं तसं सांगितलं मला. आजचा वार आठवत नाही, जेवलो की नाही आठवत नाही, स्वतःचं तोंड ओळखू येत नाही, पण हे शाबूत आहे. मी म्हटलं, "चुकलं. येतो." मग त्यांनी हात सोडला.

खाली येऊन स्कूटर सुरू करताना सिस्टर म्हणाल्या, "आता?" मी म्हटलं, "आता काय, यावंच लागणार."

३ एप्रिल

सोपं निघालं. ज्या घरी ‘येतो’ म्हटलंय तिथं खरंच जायचं. फोनची वाट बघायची नाही. दारात उभं राहायचं, ‘काय चाललंय’ विचारायचं, निघताना पुन्हा येतो. दिवसा जमलं तर सिस्टर आणि मी, नाही तर संध्याकाळी सुटल्यावर मी एकटा. डॉक्टरनं गुडघ्यासाठी चालायला सांगितलंच आहे. लोकांचा गैरसमज नको म्हणून लिहून ठेवतो, हे मी केवळ गुडघ्यासाठी करतोय.

आज ही म्हणाली, "मीही येते फिरायला." कंडक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी हिला विचारलं, "तिकीट?" मी सारवासारव करणार तोच ही म्हणाली, "पास आहे." त्यांनी मान डोलावली आणि खिडकीजवळची खुर्ची दिली. मग ही आणि ते कितीतरी वेळ बोलत बसले. कुठल्या थांब्यावर कोण चढायचं, कोणाचं भांडण व्हायचं, कोण रोज सुट्टे नाहीत म्हणून रडायचं. ही इतकी बोलते हे मला माहीतच नव्हतं. परत येताना विचारलं, तुला काय सुचतं गं एवढं? म्हणाली, "सुचायला काय लागतं? समोर कुणी बसलं की बोलता येतं."

१७ मे

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालं नाही. आमच्या कामात काही झालं नाही म्हणजे काम झालं. हे नगरसभेला कसं दाखवणार, ते मात्र कळत नाही. चोर पकडला तर दाखवता येतो. न झालेलं भांडण कुठून आणून दाखवू?

फोन कमी झालेत. कंडक्टरांचा तर महिन्यात एकही नाही. एक पोरगी गच्चीच्या कठड्यावर बसली होती, सिस्टर तिच्याजवळ बसल्या आणि मी तिच्या आईजवळ जिन्यात. मला काहीच बोलायचं नव्हतं, तेच अवघड गेलं. पोरगी उतरली. आईनं माझा रुमाल पार भिजवून परत दिला.

आवाज बराच खाली आलाय. काल घरी हिला काहीतरी म्हणालो, तर ही म्हणाली, "काय? ऐकू नाही आलं." म्हणजे बघा.

आज सकाळी निघताना ही म्हणाली, "हल्ली तुम्ही येतो म्हटलं की येता." मी म्हटलं, ड्युटीच तशी आहे, त्यात माझं काय. ही हसली. हिची तब्येतही सुधारलीय. पूर्वी मी घरी यायचो तेव्हा सदान्‌कदा डोकं दुखत असायचं, आता ते औषध फडताळात तसंच पडलंय. हवा बदलली असेल.

९ जून

आज फार वाईट झालं.

स्टेडियमवर मोठी मॅच होती. ठाण्याला माणसं कमी पडली, म्हणून आमच्या पथकाला सुट्टी देऊन मला बंदोबस्ताला घातलं. तीन महिन्यांनंतर वर्दी चढवली, पोटावर घट्ट झाली होती. काल कंडक्टरना ‘येतो’ म्हणालो होतो. बंदोबस्त कळला तेव्हा निरोप द्यायला हवा होता. हिला सांगितलं असतं तर हीच जाऊन आली असती. सुचलंच नाही.

मी गेलो नाही म्हणून त्यांनी ठाण्याला फोन केला. तिथं कुणी नवीन होता, त्यानं गाडी पाठवली. दोन जवान पोरं, चांगली आहेत, पण त्यांना शिकवलंय तेच करणार. आवाज दिला, दार उघडेना, म्हणून लाथ मारली. कडी तुटली. आत कंडक्टर नाहीत. बाथरूम आतून बंद.

शेजाऱ्यांपैकी कुणीतरी सिस्टरांना कळवलं, सिस्टरांनी मला. साहेबांना न विचारता स्टेडियम सोडून आलो, जे व्हायचं ते होवो. पोरांना बाहेर उभं केलं. मी वर्दीत होतो, म्हणून मीही बाहेरच थांबलो. सिस्टर दाराला तोंड लावून बराच वेळ हळूहळू बोलत राहिल्या. शेवटी दार किलकिलं झालं.

फटीतून दिसलं, टॉवेल खाली पडला होता. कंडक्टर कडी काढून पुन्हा आरशाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते. पाचावर धारण बसलेली, पण हात खाली घेईनात. म्हणाले, "बाई, पोलीस आलेत. याला काही करू देऊ नका. म्हातारा आहे, घाबरलाय. मी लपवलाय त्याला."

मी हे दाराबाहेरून ऐकलं. इतकी वर्षं पोलिसात आहे, लोक मला भितात याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, उलट थोडं बरंच वाटायचं. आज त्या वर्दीत मला उभं राहवेना. जिन्यात जाऊन शर्ट काढला, बनियनवर आत गेलो. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आलात? किती उशीर." मी रडलो. सिस्टरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

१० जून

कंडक्टरांच्या मुलीचा फोन आला. दातांच्या डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे तिला कळवलंय. ती दुसऱ्या गावी असते, दोन खोल्यांचं घर, सासू अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, "काका, मला त्यांना आश्रमातच ठेवावं लागेल. इथं आणून करू काय? पण त्या घरातून त्यांना हलवलं तर ते टिकायचे नाहीत, हेही मला कळतं." मग एकदम विचारलं, "तुम्ही असाल ना? तुम्ही असाल तर मी डॉक्टरांच्या हातापाया पडते."

काय सांगणार? आम्ही सप्टेंबरपर्यंत आहोत. पुढचं नगरसभेच्या हातात. तिला तेच सांगितलं. संध्याकाळी ती डॉक्टरांशी बोलली, त्यांनी सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. पथक राहिलं तर कंडक्टर राहतील, पथक गेलं तर मुलगी येऊन घेऊन जाईल. म्हणजे नगरसभेचा निकाल आता कंडक्टरांच्या घराचा निकाल झाला.

साहेबांनी स्टेडियम सोडल्याबद्दल झापलं. झापून झाल्यावर विचारलं, "कसे आहेत ते?"

५ सप्टेंबर

नगरसभा झाली. 

सभागृह भरलेलं. ही पण आली होती, मागच्या रांगेत बसली. साहेब आधी बोलले. ठाण्याच्या गाड्यांची दशा सांगितली, खोटं एक अक्षर नाही. पथकाचं काम चांगलं आहे, पण पहिल्या महिन्यात परत येणारे फोन वाढले होते, हेही सांगितलं. तेही खरंच. मग अध्यक्षबाईंनी मला उभं केलं आणि विचारलं, ते फोन का वाढले?

सिस्टरांनी माझ्याकडून चार वाक्यं पाठ करून घेतली होती. एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळे. मी निघताना येतो म्हणायचो." सगळं सभागृह हसलं. मी थांबलो. मग सांगितलं, की लोक वाट बघायचे. खुर्ची टाकून बघायचे. आम्ही म्हणायचो म्हणून म्हणायचो, आणि ते ऐकायचे. हसणं थांबलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग तुम्ही काय उपाय केलात?"

"जातो, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे येतो. म्हणजे... येतो म्हटलं की खरंच जातो. फोन यायच्या आधी."

एक सभासद म्हणाले, यासाठी पोलिसाला पगार द्यायचा? नुसतं कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला? मला राग आला. आवाज एकदम जुना लागला, मागचे दोन जण दचकले. मी म्हटलं, "साहेब, गाडी यायला लागते कारण त्याआधी कुणी येत नाही!"

मग मला मी ओरडल्याची लाज वाटली आणि बसलो.

बराच खल झाला. शेवटी ठरलं ते असं: गाडी दोन नाही, एक. पथक चालू राहणार, आणि वाढवायचंसुद्धा. मी सिस्टरांकडे बघितलं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पण साहेबांनी सांगितलेलंही खरं होतं, ठाण्याला माणसं कमी आहेत. तेव्हा पथकातले पोलीस ठाण्यात परत, आणि त्यांच्या जागी पोलीस नसलेली माणसं शिकवून तयार करायची.

म्हणजे कंडक्टर राहिले. मी नाही.

दातांचे डॉक्टर बाहेर भेटले. ऐकायला आले होते. म्हणाले, "मी मुलीला फोन करतो. आज दात न काढता चांगलं काम करतो."

हिला वाटेत म्हटलं, जिंकलो म्हणायचं की हरलो? हिनं माझा हात धरला. भर रस्त्यात! लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. पण कसल्या तरी विचारात होती.

२१ सप्टेंबर

वर्दी एका मापानं वाढवून घेतली. ठाण्यात सगळे म्हणतात, भोंग्याची शिट्टी झाली. म्हणोत. नवीन पोरांना साहेबांनी माझ्याकडे दिलंय, दार कसं वाजवायचं ते शिकवायला.

कंडक्टरांकडे रोज जाणं जमत नाही. नवीन गाडीवर मलाच टाकलंय, पाळ्या बदलतात. माझ्या जागी कोण येणार, याची काळजी लागून राहिलीय. त्यांना ‘तिकीट’ म्हटल्यावर काय उत्तर द्यायचं, हे नवीन माणसाला कोण सांगणार?

२८ सप्टेंबर

आज सिस्टर ठाण्यात येऊन पेढे... नाही, पेढे नाही, बिस्किटं वाटून गेल्या. म्हणाल्या, "अभिनंदन हवालदार, तुमच्या जागी माणूस मिळालं. बरेच अर्ज आले होते, पण ही बाई सगळ्यांत उजवी ठरली." मी विचारलं, कोण बाई? तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला घरी सांगितलं नाही?"

माझी बायको! माझी स्वतःची बायको! घरी आलो, म्हटलं, हे काय? म्हणाली, "अर्जात लिहिलं होतं, माणसाजवळ धीर पाहिजे. म्हटलं, तो आपल्याकडे आहे." मग म्हणाली, "अनुभव म्हणून भोंग्याशी संसार केलाय असं लिहिणार होते, पण सिस्टर म्हणाल्या, त्याला जागा पुरायची नाही."

मी हसलो, पण खरं सांगायचं तर मला एकदम भीती वाटली. हिला भीती वाटत नाही. कुठल्याही घराचं दार उघडतं आणि आत काय असेल सांगता येत नाही. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "मला सांगताय?"

१५ ऑक्टोबर

माझी सुट्टी, हिची दुपारची पाळी. सात वाजता सुटते. आठ वाजून गेले, अजून आली नाही.

काळजी वगैरे नाही. गॅलरीत जाऊन आलो, ते आपलं हवा खायला. भाजी मी केलीय, गार झाली, पुन्हा गरम केली, आता परत गार होतेय. फोन करणार होतो. पण ड्युटीवरच्या माणसाला फोन करू नये, हे मीच हिला लग्नानंतर सांगून ठेवलेलं. आता कुठल्या तोंडानं करू?

खाली एक स्कूटर थांबली. दुसऱ्याच कुणाची. डोकं दुखायला लागलंय.

आज कुठलं घर असेल? हिला कुणी ढकललं तर? नाही, सिस्टर आहेत बरोबर. पण सिस्टर तरी काय करणार? मी काय हे लिहीत बसलोय.

त्याच दिवशी, नंतर

आली. काही झालं नव्हतं. कंडक्टरना ‘येते’ म्हणाली होती, म्हणून सुटल्यावर त्यांच्याकडे गेली. दातांचे डॉक्टर दवाखाना बंद करून वर येऊन बसले होते, ते हल्ली रोजच येतात. कंडक्टर त्यांना आता मधल्या कुठल्याच थांब्यावर उतरू देत नाहीत. तिघांच्या गप्पा लांबल्या. किती आनंदात सांगत होती. मी नुसता ऐकत होतो. मग तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "तुम्ही जेवला नाहीत?"

मी म्हटलं, नाही.

"का?"

का म्हणजे? काय सांगणार? घास उतरेना, असं म्हणायचं होतं. जिन्यात पाऊल वाजलं की उठत होतो, असंही. त्यातलं काहीच म्हणता आलं नाही. ती हात धुवायला गेली, तेव्हा तिच्या पाठीकडे बघून विचारलं, "इतकी वर्षं तू काय करायचीस?"

"कधी?"

"मी यायचो नाही तेव्हा."

तिनं नळ बंद केला. हात पुसता पुसता विचार करत होती. तिला इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. मीही नाही.

"तुमचा राग राग करायचे," म्हणाली. "आता आलात की असं बोलीन, तसं बोलीन, असं सगळं जुळवून ठेवायचे. मग जिन्यात तुमची पावलं वाजायची. की झालं, एक अक्षर आठवायचं नाही."

मी ताटं घेतली. आज वाढलं मीच. भाजी खारट झाली होती. जेवता जेवता तिनं मला कंडक्टरांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि मी मध्ये एकदाही बोललो नाही.